शहापूरच्या घराबद्दल, सॅन फ्रान्सिस्कोहून

ती. स्व. आण्णा यांना सा. न. वि. वि.

काल दादाशी बोलणं झालं. आपलं बेळगावातलं शहापूरचं घर पाडून तिथं तीन मजली इमारत उभी करायचं जवळजवळ ठरलंय, बिल्डरनं नकाशाही काढून आणलाय, आता कोल्हापूरहून तुमची सही आली की झालं, असं तो म्हणाला. आईला विचारलं, तर तिचं एकच: "थोरल्या भावजींनी ठरवलं की ठरलं गं." म्हणून तुम्हालाच लिहितेय. सही करायच्या आधी हे पत्र एकदा पुरतं वाचा, एवढी विनंती. फोनवर हे सगळं बोलून झालं नसतं. मध्येच पावसापाण्याचा विषय निघतो आणि मुद्द्याचं राहून जातं.

इथली घरं तुम्ही फोटोत पाहिलीत. आलामो स्क्वेअरच्या बागेतून काढलेला फोटो मी पाठवला होता: पुढं हिरवळ, पलीकडं उतारावर एका ओळीत उभी असलेली रंगीत, टोकदार छपरांची घरं. काकूंनी तो मोबाईलवर ठेवला होता. स्टायनर स्ट्रीटवरची ती ओळ १८९२ ते १८९६ या काळात मॅथ्यू कॅव्हॅनॉ नावाच्या माणसानं बांधून विकली आणि तो स्वतःही शेजारच्याच घरात राहिला. विवेकानंद आपल्या रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडं उतरले ते १८९२ च्या ऑक्टोबरात. म्हणजे त्याच सुमाराची ही घरं. राणी व्हिक्टोरियाचा काळ म्हणून यांना व्हिक्टोरियन म्हणतात, पण इथं राणीचं राज्य नव्हतं. तिचं राज्य आपल्याकडं होतं, आपल्या कॅम्पातल्या कौलारू बंगल्यांत.

या घरांची बांधणी बघितली की मला आपली गल्लीच आठवते. जागेचं तोंड पंचवीस फूट, आत लांबी शंभर फूट किंवा त्याहून जास्त. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत. मग उजेड आणायचा कुठून? म्हणून पुढची खिडकी भिंतीच्या बाहेर काढून तिला तीन अंगांनी काचा लावल्या. या गावात धुकं फार, ऊन दिसेल तेवढं घरात घ्यायचं. आपल्या पूर्वजांनी त्याच अडचणीवर मधल्या चौकाचा उपाय केला. जागा तशीच, अडचण तीच, उपाय आपापल्या हवेप्रमाणं.

सगळी घरं लाकडाची. किनाऱ्यालगतच्या उत्तरेकडच्या जंगलातलं रेडवूड जहाजानं यायचं. लालसर, हलकं, कापायला मऊ आणि तरीही सहसा न कुजणारं, वाळवीला न रुचणारं. कुठल्या लाकडाची आठवण येते ते मी लिहायला नको. पुढच्या बाजूची नक्षी, कमानी, खांब, फुलं, छपराखालची झालर हे सगळं मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेच्या कारखान्यांत वाफेवरच्या करवतींवर आणि लेथवर तयार व्हायचं. घर बांधणारा कॅटलॉग बघून निवडायचा: एवढे खांब द्या, अशी झालर द्या. म्हणजे जगभरातून लोक ज्या नक्षीचे फोटो काढायला येतात, ती यंत्रावरची आहे. आपल्या दारावरच्या गणेशपट्टीतली वेल माणसानं बसून पटाशीनं कोरलेली आहे, आण्णा. डावीकडचं तिसरं पान उजवीकडच्या तिसऱ्या पानासारखं नाही. लहानपणी मी ते बोट फिरवून बघायची. तशी दुसरी पट्टी जगात कुठल्याच कॅटलॉगात मिळणार नाही.

ही घरं सुखानं टिकली असं मात्र समजू नका. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. लाकडी घरं हलली, कुरकुरली, पण बरीचशी उभी राहिली. घात केला तो नंतरच्या आगीनं. पाण्याचे नळ जमिनीत फुटले होते, आग तीन दिवस धुमसत होती. शेवटी व्हॅन नेस नावाच्या रुंद रस्त्यावरची घरं सुरुंगानं उडवून तिथं आग अडवली. अठ्ठावीस हजारांच्या आसपास इमारती गेल्या, तीन हजारांवर माणसं गेली. त्या रस्त्याच्या पश्चिमेला जे उरलं, त्यातलीच ही घरं.

आगीतून वाचलेल्या घरांवर पुढची पाळी आली ती माणसांकडून. १९४० आणि ५० च्या दशकांत जुनं म्हणजे गबाळं असं सगळ्यांनाच वाटायला लागलं. विक्रेते दारोदार फिरून घरमालकांना पटवायचे: ही नक्षी काढून टाका, वर अ‍ॅस्बेस्टॉसच्या पट्ट्या मारा किंवा सिमेंटचा गिलावा करा, रंगाचा खर्च कायमचा वाचेल. लोकांनी केलं. खांब तोडले, झालरी उपटल्या, सपाट भिंती केल्या. ज्यांना एवढंही परवडत नव्हतं त्यांनी राखाडी रंग फासला. युद्धानंतर नौदलाचा उरलेला जहाजांचा रंग स्वस्तात मिळायचा, असं इथले जुने लोक सांगतात.

आता जे सांगते ते नीट वाचा, कारण त्याचसाठी हे पत्र आहे.

माझ्या खोलीसमोर रस्त्यापलीकडं असंच एक सपाट, करडं घर होतं. यंदाच्या उन्हाळ्यात तिथं परांची बांधली आणि वरच्या पट्ट्या उतरवायला सुरुवात झाली. एकेक पट्टी निघत गेली तसं आतलं रेडवूड दिसायला लागलं, शंभर वर्षांपूर्वीच्या रंगासकट. आणि त्या रंगात आकार होते. जिथं पूर्वी नक्षी ठोकलेली होती तिथं रंग लागलेलाच नव्हता, कारण नक्षी आधी बसवली आणि रंग नंतर दिला. त्यामुळं प्रत्येक फुलाची, कमानीची, कंसाची बाह्यरेषा लाकडावर स्वच्छ उमटून राहिली होती. खिळ्यांची भोकंसुद्धा जागच्या जागी. सुतारानं त्यावर कागद लावून पेन्सिलीनं आकार उतरवून घेतले आणि त्या मापाची नक्षी पुन्हा कापून आणली. मी विचारलं, आधीचा फोटो नाही का कुणाकडं? तो म्हणाला, फोटोची गरजच नाही, घरानं सगळं स्वतःच सांभाळून ठेवलंय. इथं शेकडो घरं याच पद्धतीनं पुन्हा उभी राहिली आहेत.

आणि आपलं घर? खालच्या गाळ्यात दुकान आलं तेव्हा पाटी लावायला माडीच्या सज्जापुढं पत्रा मारला. सज्जाचा कठडा, त्याला खालून तोलून धरणारे कोरीव लाकडी हात, झालर, सगळं त्या पत्र्यामागं आहे. मी कॉलेजात असताना शेवटचं आत डोकावून पाहिलं तेव्हा एक हातही हललेला नव्हता. बिल्डरनं आणलेल्या नकाशात "जुने मोडकळीस आलेले बांधकाम" असं लिहिलंय म्हणे. त्यानं पत्रा काढून पाहिलं का? दादानं पाहिलं का? माझी खात्री आहे, कुणी पाहिलेलं नाही.

रंगाची गोष्ट सांगायची राहिली. १९६३ मध्ये बुच कार्डम नावाच्या एका चित्रकारानं आपल्या राखाडी घराला गडद निळा आणि हिरवा रंग दिला. काहींनी नाकं मुरडली, पण हळूहळू शेजारचे त्यालाच विचारायला लागले, आमच्या घराला कोणता रंग शोभेल? तिथून रंगाचं वेड गल्लीगल्लीतून पसरलं. आज एका घराला पाच-सहा रंग असतात: भिंतीला एक, चौकटीला दुसरा, नक्षीच्या उंचवट्याला तिसरा, खोलगट भागाला त्याहून गडद, आणि कुठंतरी सोन्याच्या वर्खाचा एखादा ठिपका. उन्हात ही घरं बघावीत. सावली आणि रंग मिळून नक्षी अशी पुढं येते की नजर हटत नाही. अलीकडं पुन्हा काळ्या-करड्या रंगाची फॅशन आलीय. मला ती मुळीच आवडत नाही. एवढी मेहनतीची नक्षी, आणि ती दिसू द्यायची नाही, हे कसलं?

जुना रंग खरवडणं हे इथं जोखमीचं काम असतं. १९७८ पर्यंत घराच्या रंगात शिसं असायचं, त्यावर बंदी आली त्याच वर्षी. त्यामुळं कामगार तोंडाला मास्क लावतात, खाली प्लॅस्टिक अंथरतात, धूळ उडू देत नाहीत. आपल्या गणेशपट्टीवरही दर दिवाळीला ऑइल पेंटचे थर चढत गेलेत. ते काढायचे झाले तर सॅंडपेपर घेऊन कोरडं घासायला कुणाला सांगू नका, आणि पोरं घरात असताना तर नाहीच.

इथं सगळं छान झालं असंही मी म्हणणार नाही. याच गावात वेस्टर्न अ‍ॅडिशन नावाचा भाग आहे. पन्नास-साठच्या दशकांत सरकारी पुनर्विकासाच्या नावाखाली तिथली हजारो व्हिक्टोरियन घरं बुलडोझर लावून पाडली. त्यांत बहुतांश काळी कुटुंबं राहत होती, त्याआधी जपानी. परत येता येईल म्हणून त्यांना कागद दिले होते. बहुतेकजण कधीच परत आले नाहीत. फिलमोर स्ट्रीटवरची जॅझची ठिकाणं, दुकानं, प्रार्थनाघरं, सगळं विखुरलं. अगदी शेवटी, १९७४ मध्ये, जुनी घरं वाचवणाऱ्या संस्थेनं त्यातली बारा घरं पायापासून उचलून ट्रकवर घातली आणि दुसऱ्या गल्ल्यांत नेऊन ठेवली. घरं वाचली याचा आनंद होतो, पण त्या घरांतली माणसं कुठं गेली हे विचारल्यावाचून राहवत नाही. आणि जी घरं त्या काळी गिरणीत, गोदीत राबणाऱ्यांच्या भाड्याची होती, ती आज कोट्यवधी रुपयांना विकली जातात. हे मला सलतं.

आपल्या गल्लीत बुलडोझर सरकारनं आणला नाही, पण वेगळं काय झालं? कोपऱ्यावरचं घर पडलं, एक भाऊ अनगोळला, एक टिळकवाडीत, तिसरा पुण्याला. समोरच्यांचं पडलं, तिथं आता खाली पार्किंग आहे आणि वर कोण राहतं ते आईला माहीत नाही. शहापूर सांगली संस्थानात होतं तेव्हापासूनची ही रेशमाची पेठ. शहापुरी साड्या नेसून बायका लग्नांत मिरवायच्या. त्या साड्या ज्या सोप्यात घडी घालून रचल्या जायच्या तो सोपा आपल्याकडं अजून आहे, लाकडी फडताळांसकट. मागच्या खोलीत मागाचा खड्डा बुजवलेली जागा अजून ओळखू येते. दुसऱ्या किती घरांत उरलंय हे?

इथं फ्रँकलिन स्ट्रीटवर हास-लिलिएंथल नावाचं एक मोठं घर बघायला मिळतं. १८८६ मध्ये विल्यम हास यांनी बांधलेलं. बव्हेरियातून आलेला किराण्याचा व्यापारी माणूस. १९०६ चा भूकंप झाला, १९८९ चा झाला, घर उभंच. त्यांची मुलगी १९७२ मध्ये वारेपर्यंत तिथं राहिली, आणि पुढच्या वर्षी वारसांनी ते जुनी घरं वाचवणाऱ्या त्याच संस्थेला दिलं. मनोरा असलेलं. पण मला आवडलं ते त्यांचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. घर जुनं ठेवलं म्हणजे जुन्या अडचणी ठेवल्या असं नाही. त्या कुटुंबानं काळाप्रमाणं दुरुस्त्या केल्या, विजेची सोय केली, मागच्या बाजूला वाढवलं. पुढची बाजू आणि मुख्य दालनं तशीच.

इथं सगळीकडं हाच कित्ता आहे. रस्त्याकडचं तोंड राखायचं, पोटात हवे ते बदल करायचे. मी राहते त्या घरातही मागं नवं स्वयंपाकघर, नवं बाथरूम आहे. पुढच्या खोलीत मात्र जुनीच वरखाली सरकणारी खिडकी. मागं तिची दोरी तुटली, तेव्हा ती कशी चालते ते मी पाहिलं. चौकटीच्या आत दोन्ही बाजूंना पोकळी असते, त्यात लोखंडी वजनं टांगलेली. वजन आणि काचेची झडप बरोबरीची, म्हणून एका बोटानं खिडकी वर जाते आणि जिथं सोडाल तिथं थांबते. सुतारानं बाजूची फळी काढली, वजनाला नवी सुती दोरी बांधली, कप्पीवरून फिरवली आणि अर्ध्या तासात खिडकी पूर्ववत. नवी प्लॅस्टिकची खिडकी बिघडली तर अख्खी फेकावी लागते. ही शंभर वर्षांपूर्वीच्या माणसानं दुरुस्त करता येईल अशीच बनवली होती. आपल्या दाराचा अडसर, कडी-कोयंडा, खुंट्यांवर जोडलेल्या तुळया, हे सगळं त्याच बुद्धीचं काम आहे.

पाया हा इथला मोठा खर्च. जुनी घरं विटांच्या पायावर होती, आता खाली काँक्रीट घालतात, लाकडी चौकट बोल्टनं त्याला जखडतात आणि तळातल्या बुटक्या भिंतींना प्लायवूड ठोकून ताठ करतात, म्हणजे भूकंपात घर पायावरून सरकत नाही. हे सगळं घर जागेवर उभं असताना होतं, जॅकवर तोलून. तुळई कुजली असेल तर कुजला तेवढाच भाग कापून नवा जोडतात. कॅलिफोर्नियात १९७२ पासून एक कायदा आहे: जुनं घर नीट राखायचा करार केला की मालमत्ता कर कमी होतो. आपल्याकडं आपल्या घरासारख्यांना अशी सवलत मिळाली असती तर दादावर ही वेळ आली नसती.

आईचे हाल मला माहीत आहेत. पाऊस लागला की माडीवर जिथं तिथं भांडी मांडायची, रात्री उठून ओतायची. जिना उभा, दोराला धरून चढायचं. न्हाणीघर परड्यात, पावसात छत्री घेऊन जायचं. कौलं परतायला माणूस मिळत नाही, मिळाला तर चार फोडून ठेवतो. या वयात तिनं हे सोसावं असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हणू नये. पण या प्रत्येक गोष्टीला घर पाडण्याखेरीज उपाय आहे.

सोप्यामागची खोली आईला द्यायची, तिला लागूनच न्हाणीघर आणि कमोड. मागचा मोडका भाग, जिथं मातीची भिंत खरोखरच बसलीय, तो खुशाल पाडा आणि तिथं दादाला पक्क्या दोन खोल्या बांधू द्या, स्लॅबच्या. पुढच्या छपराची कौलं उतरवून वासे आणि रिपा तपासायच्या, कुजलेल्या बदलायच्या, खाली पाणी न झिरपणारं अस्तर घालून तीच कौलं पुन्हा चढवायची. फुटलेल्यांच्या जागी खानापूरला मिळतील. वायरिंग सगळं नवं. जिन्याला कठडा. दुकानाच्या गाळ्याचं भाडं चालूच राहील, उलट पत्रा काढून सज्जा दिसू लागला तर दुकानदारालाही बरंच आहे.

खर्चाचं बोलते. छप्पर आणि आईची खोली या दोन्हींचा पैसा मी देते. उसना नाही, देते. दादाला बिल्डर जे दोन फ्लॅट देणार आहे ते हातात यायला किती वर्षं लागतील आणि तोवर आई कुठं राहील, याचं उत्तर त्या नकाशात नाही. तेही तुम्ही विचारा. तुम्ही विचारलेलं त्याला टाळता येणार नाही.

तुम्ही स्वतः एकदा शहापूरला जाऊन या. कोल्हापूरहून सकाळी निघालात तर जेवायला आईकडं पोहोचाल. जाताना बांधकामातला जाणता सुतार बरोबर असू द्या. खानापूरकडं जुन्या सागवानाचं काम करणारी घराणी अजून आहेत, दादाचा मित्र त्यांना ओळखतो. त्याच्याकडून प्रत्येक तुळई ठोकून बघून घ्या, जिथं पोकळ आवाज येईल तिथं खूण करायची. आणि सगळ्यात आधी तो पत्रा काढायला लावा. मागचे हात, कठडा, झालर यांचे फोटो काढून मला पाठवा. मग लाकूड खरोखर संपलंय असं सुतारानं सांगितलं, तर मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. सही तुम्हीच करा.

दिवाळीच्या आठवड्यात मी येतेय, तिकीट काढलंय. तोवर कागद तुमच्याच कपाटात राहू द्या.

काकूंना नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे ते कळवा. पोरांना आशीर्वाद. शहापूरला जाल तेव्हा आईसाठी कुंदा घेऊन जायला विसरू नका, तिला दादा साखर खाऊ देत नाही, पण तुम्ही आणलेला ती खाते.

तुमची पुतणी